पुलावरचे खांब आणि जिन्याच्या पायऱ्या

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते. इथे मांडलेलं प्रकरण एका आत्याचं आणि त्यांच्या भाच्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे आणि पत्त्याचे काही तपशील बदलले आहेत. दोघांनी आणि भाच्याच्या पत्नीने हे लिखाण वाचलं आणि मगच परवानगी दिली. आत्यांनी दोन ठिकाणी माझं शुद्धलेखनही सुधारून दिलं.

पार्श्वभूमी

हे गृहस्थ ५६ वर्षांचे. चिंचवडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात २८ वर्षं नोकरी. कोथरूडला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. मुलगी बंगळुरूला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका पहाटे छातीत कळ आली, पत्नीने शेजाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेलं, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. उपचार वेळेत झाले होते. हृदयाचं नुकसान फारसं नव्हतं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला आणि हळूहळू कामावर जायला सांगितलं.

ते चालले नाहीत. कामावर चार दिवस गेले आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. एप्रिल २०२३ मध्ये पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या, तेव्हा मधल्या पाच महिन्यांत कामाचे ते चार दिवस सोडले तर ते फक्त तपासणीसाठी जिना उतरले होते. शर्टाच्या खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी, हातात ऑक्सिमीटर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा नाडी बघायची आणि वहीत लिहायची. त्यांचा हात मोजमापात मुरलेला होता, त्यामुळे ही वही फार नीटनेटकी होती. पत्नीने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “ह्यात सगळं आहे मॅडम, फक्त हे नाहीत.”

आत्या ८२ वर्षांच्या, वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवून १९९९ मध्ये निवृत्त झाल्या. सहकारनगरला एकट्या राहतात. गाणं शिकायला चाळिशीत पुन्हा सुरुवात केली आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ६८ व्या वर्षी दिली. सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी चटई घेऊन भारतीय बैठकीत बसतात, खुर्चीचं तिकीट काढून दिलं तर परत करतात. आठवड्यातून दोनदा पर्वतीची टेकडी चढतात. घरातल्या प्रत्येक मुलाला पाढे त्यांनी शिकवले आहेत, या गृहस्थांनाही.

अडचण

पहिल्या भेटीत पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण, दहा किंवा जास्त आले की नैराश्याकडे गांभीर्याने बघायचं. त्यांचे १४ आले. हे अनपेक्षित नव्हतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य गाठतं, आणि त्यामुळे हृदयाची पुढची वाटचालही बिघडू शकते. पण घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, भीतीसाठी तिथे ओळ नसते.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. नेहमीचा प्रश्न विचारला: तुमच्या ओळखीत भरभरून जगणारं कोण आहे? ते एकदम गप्प झाले. पत्नी उत्साहाने म्हणाल्या, “आत्या! आम्ही तर रोज सांगतो ह्यांना.” उरलेला अर्धा तास ते खिडकीबाहेर बघत होते. निघताना दारात थांबून म्हणाले, “मॅडम, आत्याचं नाव काढलं की मला आणखी आजारी वाटतं.”

मग हळूहळू कळलं. झटका आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलत होता. आत्याकडे बघ. पुरात घर गेलं, आठ दिवसांत उभी राहिली. ८२ वर्षांची बाई पर्वती चढते आणि तू जिना उतरत नाहीस. मुलगी फोनवर हेच सांगे, सासुरवाडीचे हेच सांगत. लहानपणापासून ज्या माणसाचा त्यांना सगळ्यात जास्त लळा, त्याच माणसाच्या नावाची घरच्यांनी छडी केली होती. आत्या भेटायला आल्या की ते झोपल्याचं सोंग घ्यायचे.

पर्याय

माझ्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध आणि माझ्याकडे एकट्याची सत्रं, आत्यांना पूर्ण बाजूला ठेवून. यातला औषधाचा भाग मी लगेच मान्य केला आणि त्यांना पाठवलं. चौदा गुण आणि उडालेली झोप फक्त बोलण्यावर सोडणं योग्य नव्हतं.

दुसरी, हृदयरुग्णांच्या पुनर्वसन गटात पाठवणं. देखरेखीखाली व्यायाम आणि आपल्यासारखेच चारजण भेटतात. मला ही वाट मनापासून आवडते. पण गटापर्यंत पोचायला आधी जिना उतरायला हवा होता, आणि ते अडले होते जिन्यावरच.

तिसरी, आत्यांना सोबत घेणं. यात धोका उघड होता. छडी अजून जवळ आणून ठेवल्यासारखं झालं असतं. शिवाय आत्या माझ्या अशील नव्हत्या; त्यांच्या वयाचा आणि मनाचा विचार कोण करणार होतं?

इथे मी बराच काळ अडखळले. मला आठवण आली ती अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाची. १९७७ मध्ये त्यांनी आत्मक्षमतेची कल्पना मांडली: हे मला जमेल हा विश्वास माणसात कुठून येतो, याचा विचार. त्यात एक स्रोत आहे दुसऱ्याला करताना बघण्याचा. मात्र तो दुसरा माणूस आपल्यासारखा वाटायला हवा. सहज चढून जाणारा माणूस बघून तितका विश्वास येत नाही. घाबरत, धडपडत चढणारा बघितला तर येतो. या घरातल्या आत्या कधी घाबरल्याच नव्हत्या. निदान तशी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. गृहस्थांसाठी त्या पर्वतीवरच्या देवळासारख्या होत्या: दिसायला सुरेख, पण वर.

मी त्यांना विचारलं, आत्यांना एकदा भेटू का? ते नाही म्हणाले. मी विषय सोडला. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून सांगितलं, “भेटा. पण तिला उपदेश करायला आणू नका.”

आत्यांची भेट

मे महिन्यात मी सहकारनगरला गेले. आत्यांनी पन्हं दिलं आणि सरळ विचारलं, “माझा भाचा मला बघून तोंड फिरवतो. काय केलंय मी?” मी परवानगी घेऊन जितकं सांगायचं तितकंच सांगितलं: घरचे तुमचं उदाहरण देतात आणि त्यांना ते जड जातं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आठ दिवसांत उभी राहिले, असं कोण म्हणतं? दादाने सांगितलं असणार. दादा माझी लाज राखायचा.”

दादा म्हणजे या गृहस्थांचे वडील. ते २००६ मध्ये वारले.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. बांध मातीचा, काम अजून पुरं व्हायचं होतं. ते पाणी खडकवासल्याला येऊन धडकलं, खडकवासलाही फुटलं, आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आत्या तेव्हा वीस वर्षांच्या, शनिवार पेठेतल्या वाड्यात राहायच्या, नदीपलीकडच्या कॉलेजात शिकायच्या. सगळे वेळेत बाहेर पडले म्हणून जीव वाचले, पण वाडा बसला. तंबोरा गेला, पुस्तकं गेली, आईचं लुगडं तेवढं अंगावर होतं ते राहिलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते पुढचं. सदाशिव पेठेत नातेवाइकांच्या एका खोलीत सातजण राहत होते, आणि त्या चार महिने जवळजवळ बोलल्या नाहीत. पावसाचा आवाज आला की भांड्यांच्या मांडणीखाली जाऊन बसायच्या. कॉलेज पैशांमुळे सुटलं असं सगळ्यांना सांगितलं गेलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांना पूल ओलांडता येत नव्हता. लकडी पुलाच्या तोंडाशी आलं की पाय थांबायचे, घाम फुटायचा, उलटी व्हायची. एक वर्ष आणि काही महिने त्या नदीपलीकडे गेल्या नाहीत.

“मग दादाने काय केलं, माहितीय? रविवारी मला पुलापर्यंत न्यायचा. म्हणायचा, आज पहिला दिव्याचा खांब. खांबाला हात लावायचा आणि परत. पुढच्या रविवारी दुसरा. कधी दोनवरून पुन्हा एकवर यायचो. तो कधी चिडला नाही. एकदा मी मधेच खाली बसले, तर तोही बसला. लोक बघत होते. आम्ही दोघं पुलावर शेंगा खात बसलो.”

किती रविवार लागले असं मी विचारलं. गणिताच्या बाई. लगेच म्हणाल्या, एकतीस.

मी विचारलं, हे भाच्याला सांगाल का? त्यांनी लगेच होकार दिला नाही. ६२ वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगायचं होतं. दोन दिवसांनी फोन आला: “सांगते. त्याच्या बापाची गोष्ट आहे, त्याची त्याला मिळायला हवी.”

प्रत्यक्ष काय केलं

त्या कोथरूडला गेल्या तेव्हा मी सोबत नव्हते, ते मुद्दामच. पत्नीने नंतर सांगितलं, दार लावून दोघं दोन तास बसले होते. आतून आधी आत्यांच्या रडण्याचा आवाज आला, मग यांच्या. चहा आत नेला तेव्हा गृहस्थ विचारत होते, “बाबा खरंच पुलावर शेंगा खात बसले?” वडील त्यांच्या आठवणीत कडक, घड्याळाच्या काट्यावर चालणारे होते. असे वडील त्यांना पहिल्यांदाच भेटत होते.

पुढच्या सत्रात त्यांनी माझ्यापुढे वही उघडली. नाडीच्या आकड्यांनंतर एक पान कोरं सोडून त्यांनी जिना मोजला होता. ३६ पायऱ्या, मधे तीन वळणं. “माझे खांब,” म्हणाले.

मग आम्ही रीतसर आराखडा केला. हृदयरोगतज्ज्ञांकडे टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी झाली, ती व्यवस्थित आली, आणि चढ-उताराला त्यांनी लेखी परवानगी दिली. एक वळण उतरायचं, तिथे भीती ओसरेपर्यंत उभं राहायचं, नाडी बघायची नाही, परत यायचं. हे भीतीच्या उपचारातलं नेहमीचं तंत्र आहे, त्यात नवं काही नाही. आत्या दर बुधवारी दुपारी यायच्या आणि खाली पार्किंगमधल्या बाकावर बसायच्या. वर येत नसत. हाकही मारत नसत. सोबत विणकाम असायचं. पहिल्या बुधवारी ते पहिल्या वळणावरून परत गेले, तर त्या अर्ध्या तासाने उठून बसने घरी गेल्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या आठवड्यात ते तिसऱ्या बुधवारी खाली पोचले. आत्या सरकून बसल्या आणि पिशवीतून शेंगा काढल्या.

जुलैमध्ये त्यांनीच आत्यांना विचारलं, तो पूल दाखवशील का? १२ तारखेला दोघं लकडी पुलावर गेले. आत्यांनी सांगितलं, १९६१ आणि २०२३ ची कॅलेंडरं तारीख-वाराने जुळतात, तेव्हाही बुधवारच होता. खांब अर्थातच बदललेले. तरी त्यांनी प्रत्येकाला हात लावला. गृहस्थ मला म्हणाले, “ती अजून घाबरते, मॅडम. माझा दंड धरला होता तिने. आणि तरी दरवर्षी जाते.” या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं वाक्य हेच. इतके दिवस ते आत्यांचं धाडस पाहून खचत होते. आत्यांची भीती पाहिली तेव्हा त्यांना आत्यांच्या शेजारी उभं राहता आलं.

घसरण

ऑगस्टमध्ये पर्वती ठरली. १०३ पायऱ्या, रुंद आणि उताराच्या. पहिल्या खेपेला वीस, मग पस्तीस. चौथ्या खेपेला साठाव्या पायरीच्या आसपास छातीत दाटलं. आत्यांनी त्यांना बसवलं, गोळी जिभेखाली दिली, दोन कॉलेजच्या मुलांनी खाली आणलं. रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदयाचं काही निघालं नाही. भीतीचाच झटका होता. पण घरात वादळ झालं. मुलगी विमानाने आली आणि आत्यांना नको ते बोलली. आत्यांनी येणं थांबवलं. ते पुन्हा सहा आठवडे घरात, ऑक्सिमीटर पुन्हा हातात.

इथे दुसरा मोठा निर्णय होता. मी आत्यांना परत बोलवावं का? वाटत होतं, बोलवावं. बोलावलं नाही. मुलीसोबत आणि पत्नीसोबत एक सत्र घेतलं, त्यांच्या धास्तीला जागा दिली, अहवाल डॉक्टरांकडून समजावून घेतला. बाकी वाट बघितली.

ऑक्टोबरमध्ये आत्या न्हाणीघरात घसरल्या, डावं मनगट मोडलं. खबर कळली तशी हे जिना उतरले, रिक्षा केली आणि सहकारनगरला गेले. दीड महिना प्लास्टर. ते रोज जायचे, भाजी चिरून द्यायचे, तंबोऱ्याच्या तारा पुसायचे. हात मोडल्यावर आत्या फार खचल्या होत्या. गाणं बंद, बाहेर पडणं बंद, “आता काय उरलंय” हे त्यांच्या तोंडी यायला लागलं. त्यांनी आत्यांना उपदेश केला नाही. गॅलरीपर्यंत नेलं, दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत.

आजची स्थिती

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे पीएचक्यू-९ चे गुण सहा होते. औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होतंय. नाडी दिवसातून दोनदा बघतात. पर्वती त्यांनी सोडली, गर्दी आवडत नाही. सकाळी तळजाईला सपाट वाटेवर चालतात. आत्या आता पर्वतीच्या तीसेक पायऱ्या चढून बसतात आणि उतरतात.

गाण्याची गोडी गृहस्थांना लागली नाही. आत्यांनी एकदा सवाईला नेलं, तिसऱ्या रागाला ते झोपले. लागलं ते वेगळंच. सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा आयटीआयला आहे, त्याला व्हर्निअर कॅलिपर हे बारीक मापं घ्यायचं साधन वाचता येत नव्हतं. एक दिवस पार्किंगमधल्या त्याच बाकावर त्यांनी त्याला लीस्ट काउंट, म्हणजे त्या साधनाने घेता येणारं सगळ्यात लहान माप, समजावला. आता शनिवारी सात मुलं येतात. स्वतःच्या पैशांनी त्यांनी दोन मायक्रोमीटर घेतले आहेत. मुलांकडून रोजच्या वस्तूंची मापं घेऊन घेतात: बांगडीचा व्यास, केसाची जाडी, चपातीची जाडी. बोलताना डोळे चमकतात. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघितलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत घरच्यांना तुलना थांबवायला सांगायला हवं होतं. मी उलट तोच प्रश्न विचारला. त्यात आमचे तीन आठवडे गेले.

पर्वतीवर भीतीचा झटका येऊ शकतो, आला तर काय करायचं, हे घरच्या सगळ्यांना आधी बसवून सांगायला हवं होतं. मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. मुलीचा संताप माझ्यावर यायचा, तो आत्यांनी सोसला.

आत्यांच्या बाबतीतली चूक जास्त जिव्हारी लागते. पुराची गोष्ट उघडल्यावर आठ-दहा रात्री त्या झोपल्या नाहीत, हे मला महिन्याभराने कळलं. मी त्यांच्याकडून औषध घेतलं आणि त्यांच्या जखमेची विचारपूस केली नाही. अशा वेळी नातेवाइकासाठीही वेगळा समुपदेशक आधीच ठरवून ठेवायला हवा. तेव्हापासून मी तसं करते.

आणि पत्नी. रुग्णालयात नेण्यापासून वहीपर्यंत सगळं त्यांनी केलं, आणि दहा महिन्यांत मी त्यांना एकदाही स्वतंत्र वेळ दिली नाही. शेवटच्या भेटीत हे बाहेर चपला घालत होते, तेव्हा त्या मागे थांबल्या. त्या पहाटेनंतर त्या रात्री दोन तासांच्या वर झोपलेल्या नाहीत. मधेच उठून नवऱ्याच्या श्वासाला कान लावतात. हे त्यांनी दाराच्या कडीशी चाळा करत, अगदी हळू आवाजात सांगितलं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि बाहेरच्या गृहस्थांना म्हटलं, जरा वेळ लागेल.

ते म्हणाले, “लागू दे. मी खाली बाकावर बसतो.”